दुसरा मंगळवार, आपला रविवार

भिंतीवरच्या कॅलेंडरवर या महिन्याचा दुसरा मंगळवार शोधा आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करा. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट विंडोजची सुरक्षेची मासिक अपडेट्स याच दिवशी सोडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, तिकडच्या हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे आपली आणि त्या अपडेटची गाठ पडते ती बहुधा बुधवारी, संगणक उघडून कामाला बसल्यावर.

दुसरा मंगळवार ८ ते १४ याच तारखांना येऊ शकतो. करसल्लागारांकडे काम करणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल की जीएसटीआर-१ भरायची मासिक मुदत ११ तारखेची आहे. म्हणजे बहुतेक महिन्यांत मुदत आणि अपडेट एकाच आठवड्यात येतात. सर्वांत जास्त काम असतं त्याच दिवसांत पडद्यावर गोल फिरू लागतो आणि ‘संगणक बंद करू नका’ अशी सूचना येते. मग कुणीतरी वैतागून विचारतं, हे अपडेट कायमचं बंद कसं करायचं?

मला हा प्रश्न नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, सोसायटीच्या सेक्रेटरींकडून इतक्या वेळा आला आहे की उत्तर पाठ झालं आहे. बंद करू नका, त्याचा वार ठरवा. घरात पाण्याची टाकी धुवायचा दिवस आपण ठरवतो, तसाच हाही. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं हा वार आपल्या हातात ठेवण्याबद्दल आहे. पडद्यावर जी नावं इंग्रजीत दिसतात तीच इथे देवनागरीत दिली आहेत.

बंद का करू नये

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक मोठं भगदाड बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे २०१७ रोजी त्याच भगदाडातून ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस शिरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांसह सुमारे १५० देशांमधले संगणक त्याने कुलूपबंद केले. मधले दिवस मोजा, ५९ भरतात. ज्यांनी त्या ५९ दिवसांत अपडेट घेतलं होतं त्यांच्या संगणकात ती वाट उरलीच नव्हती. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला आणि त्याची झळ थेट न्हावा शेवापर्यंत पोचली. मर्स्क समूहाच्या तिथल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं आणि कंटेनर अडकून पडले.

नॉटपेट्याची गंमत अशी, की त्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता. म्हणजे अपडेट डोळे मिटून घेण्यातही शहाणपण नाही. खुद्द विंडोजचंच उदाहरण घ्या. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या मोठ्या अपडेटनंतर काही लोकांच्या ‘डॉक्युमेंट्स’मधल्या फायली नाहीशा झाल्या. चार दिवसांनी मायक्रोसॉफ्टला ते वाटप थांबवावं लागलं आणि दुरुस्त रूप नोव्हेंबरमध्ये आलं.

हे दोन्ही अनुभव शेजारी ठेवले की आपलं धोरण ठरतं. पहिले चार-पाच दिवस थांबा, तेवढ्यात मोठी खोट असेल तर बोभाटा होतो. पण महिना-दीड महिना थांबू नका.

आधी घरची मांडणी

प्रथम आपल्याकडे कोणती विंडोज आहे ते पाहा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टम’, त्यात अगदी खाली ‘अबाउट’. तिथे ‘एडिशन’समोर ‘विंडोज ११ होम’, ‘विंडोज ११ प्रो’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. दुकानातून घेतलेल्या घरगुती लॅपटॉपवर बहुधा ‘होम’ असते. हे एका कागदावर टिपून ठेवा, पुढे लागेल.

आता ‘सेटिंग्ज’च्या डाव्या यादीतलं शेवटचं नाव ‘विंडोज अपडेट’ उघडा. इथे ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स अॅज सून अॅज दे आर अव्हेलेबल’ असं लांबलचक नाव असलेला एक खटका आहे. तो बंद असू द्या. तो चालू असेल तर मुख्य मासिक अपडेटच्या पलीकडची, महिन्याच्या उत्तरार्धात चाचणीवजा सोडली जाणारी अपडेट्सही तुमच्याकडे लवकर येतात. नव्या हॉटेलात पहिल्याच दिवशी जेवायला जायची हौस असणाऱ्यांसाठी तो खटका आहे. ज्यांचं पोट या संगणकावर चालतं त्यांच्यासाठी नाही.

तिथूनच खाली ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा. इथे चार गोष्टी बघायच्या. ‘गेट मी अप टू डेट’ बंद, कारण तो चालू असेल तर तुमच्या कामाच्या वेळातही संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. ‘नोटिफाय मी व्हेन अ रीस्टार्ट इज रिक्वायर्ड’ चालू, म्हणजे आधी सूचना मिळेल. ‘डाउनलोड अपडेट्स ओव्हर मीटर्ड कनेक्शन्स’ बंद. त्याचं कारण पुढे सांगतो. आणि चौथी, सर्वांत उपयोगी, ‘अॅक्टिव्ह अवर्स’.

अॅक्टिव्ह अवर्स म्हणजे ज्या वेळात संगणकाने आपणहून रीस्टार्ट व्हायचं नाही ती वेळ. विंडोज हे तुमच्या सवयीवरून स्वतः ठरवू पाहते, पण आपल्या सवयी तिला नीट कळतात यावर माझा विश्वास नाही. परीक्षेच्या काळात मुलगी पहाटे चारला उठून अभ्यासाचे व्हिडिओ लावते, दुपारी संगणक बंद, रात्री अकराला बाबा बँकेचं काम करतात. यातून यंत्राने काय बोध घ्यायचा? म्हणून ‘मॅन्युअली’ निवडा आणि वेळ स्वतः भरा. जास्तीत जास्त १८ तास देता येतात. सकाळी ६ ते रात्री १२ असे १८ तास भरले की आपणहून होणाऱ्या रीस्टार्टसाठी मध्यरात्र ते पहाटे सहा एवढीच वेळ उरते.

याच पानावर ‘ऑप्शनल अपडेट्स’ असा एक कप्पा आहे आणि त्यात कधीकधी प्रिंटर, साउंड वगैरेंचे ड्रायव्हर ठेवलेले असतात. प्रिंटर नीट चालत असेल तर त्या कप्प्याला हात लावू नका. तो बिघडलाय आणि कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर मिळत नाही, अशा वेळी मात्र तिथे जरूर डोकावा.

पाच आठवड्यांचं गणित

‘विंडोज अपडेट’च्या मुख्य पानावर ‘पॉज अपडेट्स’ आहे. त्यात एक ते पाच आठवडे निवडता येतात. विंडोज १० आली तेव्हा, २०१५ मध्ये, होम आवृत्ती घेणाऱ्यांना ही सोय नव्हती. मिळेल ते अपडेट मिळेल तेव्हा घ्यावं लागे. त्या काळात कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंनी, परवानगीशिवाय विंडोज १० बसू लागल्याने कामाचा संगणक खराब झाला म्हणून दावा लावला आणि १०,००० डॉलर मिळवले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं अपील सोडून दिलं. तक्रारी वाढत गेल्या आणि मे २०१९ च्या आवृत्तीत ‘पॉज’चं बटण होमवाल्यांनाही मिळालं. अनेकांच्या संगणकावर ते तेव्हापासून आहे, फक्त त्यांनी ते कधी दाबलेलं नाही.

पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस. एका दुसऱ्या मंगळवारपासून पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत २८ तरी दिवस जातात किंवा ३५ तरी. तिसरी शक्यताच नाही. त्यामुळे एकदा अपडेट घेऊन पाच आठवड्यांचा पॉज लावला, की पुढच्या महिन्याच्या आपल्या ठरलेल्या दिवसापर्यंत तो बरोबर पुरतो. घरगुती संगणकासाठी मी हा दिवस धरतो दुसऱ्या मंगळवारनंतरचा रविवार. अपडेट येऊन पाच दिवस झालेले असतात आणि दुपारी सगळे जेवून आडवे झालेले असतात.

रविवारचा क्रम असा. सगळ्यात आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. २०१८ ची ती ऑक्टोबरची गोष्ट आठवा. मग लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस चालू आहे ना ते पाहा. अपडेट बसत असताना वीज गेली तर विंडोज बहुतेक वेळा स्वतःला सावरते, पण त्याची परीक्षा घ्यायची गरज नाही. आमच्या भागात वीज जाण्याचा वार ठरलेला आहे, तो मी सोडतोच.

आता ‘रिझ्यूम अपडेट्स’ दाबा. संगणक शोधू लागेल, उतरवून घेईल, बसवेल. शेवटी रीस्टार्ट मागेल, तो लगेच द्या. इथे ‘शट डाउन’ करून मोकळे होऊ नका. बऱ्याच लॅपटॉपवर ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय चालू असते आणि तिच्यामुळे साध्या शट डाउनमध्ये विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, अर्धवट झोपते. अपडेट पुरं होण्यासाठी ‘रीस्टार्ट’ लागतो. सुरू झाल्यावर पुन्हा एकदा ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबून पाहा, कारण काही अपडेट्स आधीची बसल्याशिवाय दिसत नाहीत. ‘यू आर अप टू डेट’ असं हिरव्या खुणेसह दिसलं की एक छापील पान काढून बघा, वायफाय चालतंय का बघा, मराठी टायपिंग चालतंय का बघा. मग ‘पॉज’ पाच आठवडे.

पॉजचा काळ संपला की पुढचा पॉज लावण्याआधी साठलेली अपडेट्स घ्यावी लागतात, अशी अट आहे. म्हणजे सलग पॉजवर पॉज लावून वर्ष काढता येत नाही. मला ही अट योग्य वाटते. वॉनाक्रायचे ५९ दिवस आठवले की ३५ ची मर्यादा जाचक वाटत नाही. अँटिव्हायरसच्या रोजच्या व्याख्या, म्हणजे डिफेंडरची नवी ओळखपत्रं, पॉजमध्येही येत राहतात. ती काळजी नको.

करसल्लागार आणि हिशेबनिसांनी मात्र पहिला रविवार सोडून दुसरा धरावा. तो २० ते २६ तारखांच्या दरम्यान येतो, म्हणजे जीएसटीआर-३बीची २० तारीखही उलटलेली असते. रविवार नेमका २० लाच आला तर रिटर्न भरून झाल्यावर, संध्याकाळी. असा उशीर करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. एखाद्या भगदाडाचा गैरफायदा प्रत्यक्ष घेतला जातोय अशी बातमी आली, किंवा सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, विंडोजबद्दल गंभीर इशारा दिला, तर रविवारची वाट न पाहता त्याच रात्री अपडेट घ्यावं.

ऑफिसमध्ये चार-पाच संगणक आणि एकच प्रिंटर असेल तर सगळ्यांचं अपडेट एकाच दिवशी करा. प्रिंटिंगच्या यंत्रणेतलं एक भगदाड बुजवण्यासाठी आलेल्या सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर कित्येक छोट्या कार्यालयांत नेटवर्कवरून सामायिक केलेले प्रिंटर चालेनासे झाले होते. एक संगणक नव्या नियमाने बोलतो, दुसरा जुन्या, आणि मधल्यामध्ये बिलं छापायची राहतात.

मोबाइलच्या नेटवर असाल तर

गावाकडे, वसतिगृहात किंवा प्रवासात अनेकांचा लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर चालतो. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक आणि विंडोजचं मासिक अपडेट एकट्याने तो संपवू शकतं. यावर उपाय ‘मीटर्ड कनेक्शन’. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘वाय-फाय’, मग जोडलेल्या हॉटस्पॉटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मघाशी अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जो खटका बंद ठेवला, तो यासाठी. या नेटवर्कवर आता मोठी अपडेट्स उतरणार नाहीत. ही खूण त्या एका नेटवर्कपुरतीच असते. मित्राचा हॉटस्पॉट घेतला तर तिथे पुन्हा करावी लागेल. वनड्राइव्हसारखी काही सॉफ्टवेअरही मीटर्डवर आपलं काम थांबवतात, त्यामुळे फोटो वर चढत नाहीत म्हणून घाबरू नका. आणि महिन्यातून एकदा तरी लॅपटॉप चांगल्या वायफायवर न्या, कारण हा उपाय पॉजसारखा मुदत सांगत नाही. नुसताच विसरला जातो.

प्रो असेल तर

ज्यांच्या कागदावर ‘प्रो’ लिहिलंय त्यांच्या हाती जास्त अधिकार आहेत. स्टार्टमध्ये ‘एडिट ग्रुप पॉलिसी’ शोधा. ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’, ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कंपोनंट्स’, ‘विंडोज अपडेट’ असं एकामागून एक उघडत जा. विंडोज ११ मध्ये पुढे ‘मॅनेज एंड यूझर एक्सपिरिअन्स’ येतं आणि त्यात ‘कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स’. ते ‘एनेबल्ड’ करून खालच्या यादीतला पर्याय २ निवडा. यानंतर विंडोज आधी विचारेल, मग उतरवेल. इथे ‘डिसेबल्ड’ निवडण्याचा मोह होईल. तो निवडलात तर स्वतः जाऊन बघायची जबाबदारी तुमची, आणि आपण तीन महिन्यांत ती विसरतो हे मी खात्रीने सांगतो.

याच शाखेत मासिक अपडेट्स ३० दिवसांपर्यंत आणि वार्षिक मोठी आवृत्ती ३६५ दिवसांपर्यंत लांबवता येते. वार्षिक आवृत्तीच्या बाबतीत मी स्वतः काही महिने थांबतो. मासिकच्या बाबतीत नाही.

जे करू नये

‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ ही सेवा बंद करण्याचा सल्ला अजून फिरतो. विंडोजमध्ये ‘अपडेट मेडिक’ नावाची दुसरी सेवा आहे आणि तिचं कामच ही बंद पडलेली यंत्रणा उठवून बसवणं आहे. आज बंद केलेली सेवा काही दिवसांनी चालू झालेली दिसेल. मग लोक त्या मेडिकचाही बंदोबस्त करणारं फुकट सॉफ्टवेअर शोधतात. अनोळखी माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामला संगणकाचे सर्वाधिकार देऊन सुरक्षेची अपडेट्स बंद करायची, हा व्यवहार मला कधी कळला नाही.

आणि एक गैरसमज. १९ जुलै २०२४ ला जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हा ‘बघा, अपडेटने घात केला’ असं अनेक जण म्हणाले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरची सदोष फाइल त्याच्या स्वतःच्या वाटेने आली होती. तुमचा पॉज तिला अडवू शकला नसता.

विंडोज १० वाल्यांसाठी

वरच्या बहुतेक सोयी विंडोज १० मध्येही आहेत. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’त त्या सापडतील. पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिचा नेहमीचा आधार संपला आहे. अपडेट विचारत नाही म्हणून हायसं वाटत असेल, तर ती शांतता बरी नव्हे. घरगुती वापरकर्त्यांना मुदतवाढीची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर ‘एन्रोल नाऊ’ दिसतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला तयार असाल तर पैसे पडत नाहीत. संगणक विंडोज ११ ला पात्र असेल तर सरळ तिकडे जा.

तरीही बिघडलं तर

अपडेटनंतर काही अडलं तर ‘विंडोज अपडेट’, ‘अपडेट हिस्टरी’ आणि अगदी खाली ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. तारखेवरून शेवटचं ओळखा आणि काढा. मोठी वार्षिक आवृत्ती बसल्यावर मागे फिरायचं असेल तर ‘सिस्टम’मधल्या ‘रिकव्हरी’त ‘गो बॅक’ आहे, पण ते दहाच दिवस चालतं. दहा दिवसांनी विंडोज जुन्या फायली पुसून टाकते.

संगणक सुरूच होत नसेल, तर दोन-तीन अपयशी प्रयत्नांनंतर तो स्वतःच दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जातो. तिथे ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. ‘क्वालिटी अपडेट’ म्हणजे मासिक, ‘फीचर अपडेट’ म्हणजे वार्षिक.

नेमक्या याच वेळी संगणक ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागू शकतो. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही संगणक सुरू होताना थेट हाच प्रश्न विचारत होते. नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा मालकाच्या नकळत कुलूपबंद असते आणि किल्ली म्हणजे ४८ अंकांची एक संख्या. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, त्या लॅपटॉपच्या नावाखाली साठवलेली असते. पण लॅपटॉपच बंद आणि खात्याचा पासवर्ड आठवत नाही, अशी पाळी आली तर दुरुस्तीवालाही काही करू शकत नाही. म्हणून पहिल्या रविवारी, पहिलं अपडेट घेण्याआधी, फोनवरून खात्यात जाऊन ती संख्या कागदावर उतरवा, दोनदा ताडून बघा, आणि तो कागद घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.